आधी धाकट्याचा दिवस, मग गुलमर्ग: पुण्यातल्या एका कुटुंबाच्या स्की-सहलीचं प्रकरण

कोथरूडमधलं कुटुंब. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, मुलगी सात वर्षांची, मुलगा नुकताच चार पूर्ण झालेला, आणि बाबांची आई, वय 68, रक्तदाबाची गोळी चालू. मुलीला थंडीत छातीतून सूं-सूं आवाज येतो. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या धुरात इनहेलर लागतो. बर्फ घरात कुणीच पाहिलेला नाही. मुलांचा आजवरचा सर्वांत उंच मुक्काम महाबळेश्वरचा, म्हणजे साधारण 1,350 मीटर.

लहान मुलं असलेल्या घरांना डोंगरातल्या सहली आखून देणं हे माझं काम. ही मंडळी माझ्याकडे आली ती बाबांनी एक्सेलमध्ये केलेला तक्ता घेऊनच. नाताळची सुट्टी, सहा रात्री: श्रीनगर एक, गुलमर्ग दोन, पहलगाम दोन, परत श्रीनगर, आणि मधल्या एका दिवशी सोनमर्गला जाऊन येणं. स्कीइंगच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दोन दिवस, चौघंही’. मुलांना पाहण्याची सोय? त्याच्यासमोर ‘आई आहेच’, म्हणजे आजी.

आजी समोरच बसल्या होत्या. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि मुलाला म्हणाल्या, “अरे, मला विचारलंस का?”

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते या रकान्यामुळे. पहिल्यांदा बर्फाला जाणाऱ्या घरांचा सगळा वेळ ‘कुठे जायचं’ या प्रश्नात जातो. माझं मत वेगळं आहे. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, तर आराखडा त्या मुलाच्या एका दिवसापासून सुरू करावा आणि तिथून उलट मागे यावं. ठिकाण, तारखा, मुक्कामाची उंची, खर्च हे सगळं त्या दिवसातून निघतं. या घराच्या बाबतीत ते कसं निघालं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते पुढे आहे.

चार वर्षांच्या मुलाचा बर्फातला दिवस

मी आईंना सांगितलं, तुमच्या धाकट्याचा रविवार मला तासातासाने सांगा. उठतो आठला. दूध प्यायला वीस मिनिटं. दुपारी एकला जेवण, दोन ते साडेतीन झोप, झोप चुकली तर संध्याकाळी घर डोक्यावर.

आता हाच दिवस बर्फात नेऊन ठेवा. उंचीवर भूक मंदावते, नाश्ता लांबतो. आत थर्मल, त्यावर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट, मोजे, मिटन्स, टोपी, हेल्मेट, गॉगल. हे सगळं चढवायला अर्धा तास धरावा. चढवून झालं की ‘आई, शू’. हा विनोद नाही, ठरलेली गोष्ट आहे. म्हणून लहान मुलांना अंगभर एकसंध सूट घेऊ नये, वरचं आणि खालचं वेगळं असावं. दारातून बाहेर पडायला साडेदहा होतात. बर्फात सलग चाळीस मिनिटं ते एक तास, त्यानंतर बोटं गार पडली म्हणून रडणं. आत येऊन गरम काहीतरी, जेवण, झोप. उठेपर्यंत चार वाजलेले. ऊन उतरायला लागतं आणि पारा झपाट्याने खाली येतो.

म्हणजे त्याच्या हाती दिवसातला सकाळचा एक तास, फार तर दुपारी अर्धा. उरलेल्या वेळात एक मोठं माणूस त्याच्याजवळ हवंच. ‘चौघंही दोन दिवस’ तिथेच निकालात निघालं. आई-बाबा एकाच वेळी स्कीवर असतील असा एकही तास या दिवसात नाही, जोवर आजींना राखण करायला बसवत नाही तोवर. आणि आजींचं म्हणणं रास्त होतं: नव्या उंचीवर, निसरड्या वाटांवर, गोळ्या घेणाऱ्या बाईने एकटीने चार वर्षांचं पोर सांभाळावं, तेही सुट्टी म्हणून, हे बरोबर नाही. आमच्याकडे ‘आजी आहेत ना’ हे वाक्य सहलीच्या नियोजनात फार सहज येतं. मी ते खोडायला लावते. आजी बरोबर येणार असतील तर पाहुण्या म्हणून.

बाबांनी विचारलं, “मग आम्ही काय, पाळीपाळीने स्की करायचं?” हो. एक जण सकाळी, एक जण दुपारी. आणि मुलीचा धडा सकाळीच, कारण ती ताजीतवानी असते आणि तिच्या छातीला ऊन असलेली वेळ बरी.

धाकट्याला स्की शिकवायचंच का? आल्प्समधल्या स्की-शाळा तीन-चार वर्षांची मुलं घेतात, पण तिथे त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं आवार, जमिनीवरून सरकणारा पट्टा, दोन पावलांवर उबदार खोली आणि दिवसभर हेच काम करणारी माणसं असतात. आपल्याकडे हे जवळपास नाही. म्हणून मी म्हटलं, धाकट्यासाठी स्लेज, बर्फाचा किल्ला, आणि मनात आलंच तर पायात स्की घालून पंधरा मिनिटं. त्यापलीकडची अपेक्षा आराखड्यात लिहायची नाही.

ठिकाण

दिवस ठरल्यावर ठिकाणांची यादी लवकर आटोपली.

औलीचे उतार सुंदर आहेत, 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतले सामने तिथे झाले होते. पण डेहराडूनला उतरून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस घाटरस्ता, आणि दोन्ही मुलांना गाडी लागते. ताम्हिणीत थांबावं लागतं त्यांना. शिवाय जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून जोशीमठ–औली रोपवे बंद पडला, म्हणजे वरचा टप्पाही रस्त्यानेच. बाद. सोलांग मनालीपासून जवळ, पण मनालीलाच पोहोचायला पुण्याहून वेळ फार जातो, आणि सोलांगच्या उतारावर शिकणारी मुलं, ट्यूबवरून घसरणारे पर्यटक, घोडे आणि फोटोवाले सगळे एकत्र असतात. पहिला धडा घेणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला तिथे सोडायला मला आवडत नाही.

स्वित्झर्लंडचा विचार त्यांनी करून ठेवला होता, आणि मुलांच्या दृष्टीने तोच पर्याय सरस, हे मी लपवलं नाही. लोक शिक्षक आणि सोयी पाहतात. मी मुक्कामाची उंची पाहते. टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्ग साधारण 1,000 मीटरवर आहे, ग्रिंडेलवाल्ड 1,034 वर. मूल झोपतं खाली, खेळतं वर. गुलमर्गला झोपायचंच 2,650 मीटरवर. पण शेंगेन व्हिसा जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आत फुकट. त्यावर विमान, हॉटेल, आणि तिथलं चार वेळचं जेवण. घराचा हप्ता चालू असताना हे जमणार नव्हतं. ठीक. मग गुलमर्गच, पण ती उंची लक्षात ठेवून.

आणि मग आजींनी तो विषय काढला जो बाबांच्या तक्त्यात नव्हता. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली, त्यांत आपल्या पुण्याचीही होती. “लोक जातात, मला ठाऊक आहे,” आजी म्हणाल्या, “पण पोरांना घेऊन जायचंय, तर मला बोलू दे.” मी अशा वेळी सल्लागार म्हणून दिलासा देत नाही. काय करता येतं तेवढं सांगते: निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना पाहायच्या, बंद केलेल्या जागी घोडेवाल्याच्या शब्दावर जायचं नाही, तिकिटं रद्द करता येतील अशी काढायची, आणि घरातल्या कुणाचंही मन शेवटपर्यंत तयार नसेल तर जायचं नाही. दोन आठवडे त्यांनी घेतले. पहलगाम आणि सोनमर्ग आराखड्यातून गेले. त्याला भीती थोडी कारण होती, मुख्य कारण धाकट्याचा दिवस: रोज गाडीत तीन-तीन तास बसून बर्फातला तो एक तास कुठून काढणार? आलोच आहोत तर सगळं पाहून घेऊ, या हौसेने जितक्या कुटुंबांची सुट्टी खाल्ली असेल तितकी बर्फाने खाल्ली नसेल.

तारखा

नाताळ मी सुचवत नाही. काश्मीरमधली कडाक्याची चाळिशी, चिल्लई कलान, सुरूच होते 21 डिसेंबरला आणि जानेवारीअखेर संपते. नाताळात गर्दी आणि भाव दोन्ही शिगेला, बर्फाची मात्र खात्री नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचं मैदान महिनाभर जवळपास कोरडं होतं, बर्फ आला महिनाअखेरीस. फेब्रुवारीच्या मध्यावर थर बसलेला असण्याची शक्यता जास्त, दिवस थोडा लांबलेला, ऊन थोडं बरं.

शाळेचं काय? मुलगी दुसरीत, वार्षिक परीक्षा मार्चमध्ये. 19 फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी आणि पुढचा शनिवार-रविवार जोडून घेतला, तरी चार दिवस बुडत होते. वर्गशिक्षिकांना आधी सांगून ठेवलं. आजींना शिवजयंतीला पुण्याबाहेर असण्याचं वाईट वाटलं, ते वेगळं.

सात रात्री ठरल्या: श्रीनगर एक, गुलमर्ग चार, परत श्रीनगर दोन. शेवटच्या दोन रात्रींवर बाबांनी हरकत घेतली. “श्रीनगरला दोन कशाला? एक गुलमर्गला वाढवू.” मी हटले नाही. हिवाळ्यात श्रीनगरची विमानं बर्फ आणि धुक्याने रद्द होतात, आणि गुलमर्गचा रस्ताही बंद पडतो. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगरावर असणं म्हणजे पुण्यात सोमवारी ऑफिसला पोहोचण्याचा जुगार. पर्याय म्हणून श्रीनगर–कटरा रेल्वे जून 2025 पासून सुरू झाली आहे, हे त्यांना सांगून ठेवलं; विमान बंद पडलं तरी खोऱ्यातून बाहेर पडायची एक वाट असते.

उंची, गोंडोला आणि एक भांडण

पुणे 560 मीटर. श्रीनगर सुमारे 1,585. गुलमर्ग 2,650. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर मुक्काम झाला की दिसू लागतो. बहुतेकांचा डोकेदुखी आणि मोडलेल्या झोपेवर भागतो. अडचण ही की चार वर्षांचं मूल ‘डोकं दुखतंय’ असं नीट सांगत नाही. ते चिडचिड करतं, खात नाही, उलटी करतं, आणि आपण म्हणतो प्रवासाने दमलंय. नियम साधा ठेवला: गुलमर्गला पोहोचल्यानंतर नेहमीपेक्षा वेगळं जे काही दिसेल, त्याला आधी उंची समजायचं. त्या दिवशी वर जायचं नाही. वाढलं तर पायथ्याच्या टंगमर्ग गावाच्या दिशेने खाली. श्रीनगरची पहिली रात्र त्यासाठीच होती. तिथून गुलमर्ग पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण टंगमर्गनंतरचे तेरा किलोमीटर चढाचे, बर्फ असेल तर चाकांना चेन लावलेली गाडी लागते.

गोंडोलाचे, म्हणजे बंद केबिनच्या रोपवेचे, दोन टप्पे. पहिला 1998 पासून, गुलमर्गहून कोंगदूरीला, साधारण 3,100 मीटर. दुसरा 2005 पासून, अफरवट डोंगराच्या खांद्यावर, 3,950 मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्केच उरतो. बाबांना दुसरा टप्पा हवाच होता, सगळ्यांसकट. “दहा मिनिटांत वर, फोटो, खाली. काय होतंय?” बऱ्याच जणांना काही होत नाही, हे खरं. पण ज्या मुलीला थंड कोरड्या हवेत आणि धापेने छाती भरते, तिला वाऱ्यात 3,950 वर नेऊन, केबिनच्या रांगेत अडकलो तर तासभर उभं करायचं? आणि अफरवटवरून खाली येणाऱ्या गोंडोलाची रांग तुमच्या सोयीने हलत नाही.

यावर नवरा-बायकोत थोडं वाजलं. आई म्हणाल्या, “तू जा. आम्ही खाली थांबतो.” हेच शेवटी लिहिलं: पहिला टप्पा सगळ्यांनी, दुसरा एकट्या बाबांनी, तोही वारा आणि रांग पाहून. स्की घेऊन वरून उतरायचं नाही. अफरवटचे उतार बहुतेक न आखलेले, हिमस्खलनाचे. फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे परदेशी स्कीअर दगावले आहेत, आणि ती माणसं नवशिकी नव्हती. आपला सगळा खेळ मैदानाच्या कडेच्या बेबी स्लोपवर, म्हणजे नवशिक्यांच्या सौम्य उतारावर. तिकिटं तारीख आणि नावासकट ऑनलाइन आधीच काढली, खिडकीवर भरवसा ठेवला नाही.

मुलीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी धड्याआधी इनहेलर कधी घ्यायचा, खोकला वाढला तर किती, आणि कशानंतर थेट दवाखाना, हे कागदावर लिहून दिलं. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची नळी, हातातल्या बॅगेत, इनहेलर आईच्या आतल्या खिशात. गार पडलेला इनहेलर नीट फवारा देत नाही. आजींच्या डॉक्टरांनी गोळी तशीच चालू ठेवून ‘चढ चालू नका’ एवढं सांगितलं.

एक गोष्ट मी प्रत्येक घराला पुन्हापुन्हा सांगते, आणि ती स्कीबद्दल नाही. खोली गरम करायला बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची शेगडी, किंवा गॅसचा हीटर देतात. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत कळत नाही. रात्री विजेचं ब्लँकेट, निजण्याआधी हीटर बंद, खिडकीला फट. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मिळतो, तो बरोबर नेला.

कपडे आणि बूट

खरेदीत लोक जॅकेटवर पैसे ओततात आणि पायांकडे दुर्लक्ष करतात. डेकॅथलॉनमधून मुलांचे थर्मल, फ्लीस, पाणी न शिरणारे जॅकेट-पँट, मिटन्स, गॉगल घेतले. सुती बनियन आत घालायचा नाही, घाम धरतो आणि मग गार पडतो. हातमोजे वेगवेगळ्या बोटांचे नकोत. मिटन्समध्ये बोटं एकमेकांना ऊब देतात. टंगमर्गला भाड्याने लांब कोट आणि गमबूट मिळतात, तासाभराच्या फोटोपुरते ठीक. आत ओल असलेल्या गमबुटात मुलाचे पाय दिवसभर ठेवू नयेत.

स्कीच्या बुटाचं माप पावलाच्या लांबीवर असतं, सेंटिमीटरमध्ये. म्हणून पुण्यातच भिंतीला टाच लावून दोन्ही मुलांची पावलं मोजून लिहून घेतली. आणि मोजे एकच, लांब, पातळ. आजींनी विणलेले लोकरी मोजे मी बुटाबाहेर ठेवायला सांगितले तेव्हा त्या रागावल्या. पण दोन मोज्यांनी पाऊल दाबलं की रक्त खेळत नाही, आणि पाय जास्त गार पडतात. तेच मोजे रात्री पांघरुणात वापरले.

हेल्मेट स्कीचंच हवं, सायकलचं चालत नाही. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, मुलाच्या वजनाप्रमाणे लावून घ्यायची, नाहीतर पडताना ती सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. भाड्याच्या दुकानात हे स्वतःहून कुणी विचारत नाही, आपण विचारायचं. उन्हाचा मुद्दाही असाच मागे पडतो. ताजा बर्फ अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावायचं, ढग असले तरी.

पुण्यातली तयारी

मुलगी स्केटिंगला जात होती, त्याचा तोल सांभाळायला उपयोग होतो. सवय एक मोडावी लागते: स्केटवर थांबायला ती एक पाय मागे ओढायची, स्कीवर दोन्ही टाचा बाहेर ढकलून समोर टोकं जवळ आणावी लागतात. त्याला सगळेच शिक्षक ‘पिझ्झा’ म्हणतात. घरी फरशीवर मोजे घालून पिझ्झा करायचा, हा तिचा खेळ झाला. आई-बाबांनी रविवारी पर्वतीच्या पायऱ्या आणि महिन्यातून एकदा आतकरवाडीकडून सिंहगड. बाबांची मांडी भिंतीला टेकून बसल्यावर अर्ध्या मिनिटात थरथरायची. फेब्रुवारीपर्यंत बरी झाली.

धाकट्याची तयारी वेगळी. रोज एकदा मिटन्स स्वतः घालायचे, हेल्मेट डोक्यावर ठेवून पंख्याखाली कार्टून पाहायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे दृश्य शेजाऱ्यांना काय वाटलं असेल! पण तिथे गेल्यावर हेल्मेटवरून रडारड झाली नाही.

खाण्यासाठी आजींनी भाजणी, मेतकूट, गूळपोळ्या, चिक्की घेतली. मोठा थर्मास दोन. काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून दोन फोन आधीच पोस्टपेड केले.

शिक्षक ठरवताना 1968 पासून चालत आलेल्या गुलमर्गच्या सरकारी स्की-संस्थेची चौकशी झाली, पण तिथले ठरावीक मुदतीचे कोर्स लहान मुलांच्या सुट्टीत बसत नाहीत. हॉटेलच्या ओळखीचा खासगी शिक्षक फोनवर गाठला. मी विचारायला सांगितलेले प्रश्न: एका वेळी तुमच्याकडे किती मुलं असतात, सात वर्षांच्या मुलीचे बूट आणि हेल्मेट आहेत का, आणि ती रडली तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, “चाय पिलाते हैं, फिर देखते हैं।” मला हे उत्तर पटलं.

प्रत्यक्षात

पहिल्या रात्री श्रीनगर, दुसऱ्या दिवशी दुपारी गुलमर्ग. धाकटा जेवला नाही, चिडचिडला. आईंनी ठरल्याप्रमाणे त्याला उंची समजून घेतलं, पाणी पाजलं, संध्याकाळ खोलीत. सकाळी तो ठीक.

पहिला धडा. दुकानदाराने मुलीला एक माप मोठे बूट दिले, ‘बड़ा चलेगा’ म्हणत. मोजलेला कागद हातात असल्याने बाबांनी ते परत केले. तिसऱ्या दुकानात योग्य मिळाले. तासाभरात ती सपाटीवर सरकायला लागली, उतारावर पडली, पुन्हा पडली, मग चहाऐवजी थर्मासमधला गरम गुळाचा पाक पिऊन पुन्हा उभी राहिली. धाकटा पहिल्या दिवशी स्लेजवरून हललाच नाही. स्लेजवाल्याने दिवसाचा भाव आधी ठरवला नव्हता, त्यावर बाबांची घासाघीस झाली; भाव आधीच ठरवा हे मी सांगितलं होतं, पण पोर बसल्यावर कुणाला आठवतं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने स्की पायात घालून घेतले, दहा पावलं चालला, आडवा झाला आणि आकाशाकडे पाहत ‘पिझ्झा’ ओरडत राहिला. तेवढंच.

दुसऱ्या रात्री मुलीचा खोकला वाढला. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे इनहेलर, सकाळचा धडा साडेदहाऐवजी बाराला, नाकातोंडावर बफ, म्हणजे गळ्यातून वर ओढायची कापडी पट्टी. शिक्षकाने विनातक्रार वेळ बदलली. तिसऱ्या दिवशी ती बेबी स्लोप वरपासून खालपर्यंत न पडता उतरली.

आई-बाबांच्या पाळ्या कागदावर सोप्या होत्या. आईंनी सकाळची पाळी घेतली आणि त्यांना स्कीइंग मनापासून आवडलं. बाबांच्या दुपारच्या पाळीला बर्फ घट्ट झालेला असे, उतार कठीण, आणि ते वैतागत. आईंनी स्वतःहून तिसऱ्या दिवशी पाळी बदलून दिली. हे मी पुढच्या घरांसाठी आराखड्यातच घातलं आहे: सकाळची पाळी एकाच माणसाची ठेवायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे, आजींसकट, गोंडोलाने कोंगदूरीला गेले. आजी तिथे खुर्चीवर बसून तासभर मेतकूट-भात खात बर्फाकडे बघत होत्या, आणि कुणालाही सांभाळत नव्हत्या. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद होता. बाबांचा चेहरा उतरला, आणि मला फोन करून त्यांनी विचारलं, उद्या सुरू होईल का?

उद्याचा प्रश्न वेगळाच होता. हवामान खात्याने पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या त्या हिवाळी प्रणालीचा, इशारा दिला होता. पुढच्या दिवशी दुपारपासून जोरदार बर्फ. आराखड्यात तो दिवसही संध्याकाळपर्यंत गुलमर्गचाच होता. एका धड्याचे पैसे भरलेले. मी खाली उतरा म्हटलं, बाबा म्हणाले बर्फासाठीच तर आलोय. आईंनी विचारलं ते नेमकं होतं: रस्ता बंद पडला आणि वीज गेली, तर मुलीच्या छातीला त्रास झाल्यावर आपण कुठे जायचं? मुलगी सकाळी लवकर एकदा उतारावर गेली, निरोप घेतला, आणि अकराला मंडळी टंगमर्गच्या वाटेला लागली. संध्याकाळी बर्फ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी श्रीनगरची बरीच विमानं रद्द झाली. यांचं विमान त्याच्या पुढच्या दिवशीचं, ते तीन तास उशिराने सुटलं. विमानतळाच्या बाहेरच्या फाटकापाशीच सामानाची तपासणी होते, म्हणून निघताना भरपूर वेळ हाताशी ठेवला होता. धाकटा त्या रांगेत झोपला.

हिशेब

मोठा खर्च विमान आणि हॉटेलचा. स्कीचं भाडं, शिक्षक, गोंडोला मिळून त्याच्या तुलनेत थोडे, म्हणजे एखादा धडा वाया गेला म्हणून सहल लांबवणं हिशेबात बसत नाही. कपडे दोन वर्षं चालतील असे घेतले, मुलीचे धाकट्याला होतील. विम्यात एक खोच: देशांतर्गत प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात. त्यांनी पॉलिसी वाचून घेतली, स्कीइंगचा वेगळा उल्लेख मागून घेतला.

मार्चमध्ये बाबांचा पुन्हा फोन आला, नव्या तक्त्यासह. या वेळी अल्माटीजवळचं शिम्बुलाक. भारतीयांना कझाकस्तानात चौदा दिवस व्हिसा लागत नाही, दिल्लीहून थेट विमान आहे, आणि रात्री शहरात झोपता येतं, हजार मीटरच्याही खाली. पर्याय चांगला आहे, मी नाही म्हटलं नाही. फक्त तक्त्यात मुलं सांभाळण्याच्या रकान्यासमोर पुन्हा काय लिहिलंय ते आधी पाहिलं. या वेळी तिथे आई आणि बाबा यांची नावं होती, सकाळ-दुपार अदलाबदलीने. आजींचं नाव ‘पाहुणे’ असं वेगळं. धाकटा सहा वर्षांचा झाल्यावरचा डिसेंबर बघू, असं मी त्यांना कळवलं आहे.